दप्तराबाहेरचे बोलणे

महसूल खात्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्या हाताखालून माणसांचे जितके जबाब जातात तितके क्वचितच दुसऱ्या कोणाच्या हाताखालून जात असतील. आणि तरीही, कोयनेच्या खोऱ्यातील एका मामलतदार कचेरीत कारकून म्हणून रुजू होऊन, पुढे अव्वल कारकून आणि अखेरीस नायब तहसीलदार म्हणून निवृत्त होईपर्यंतचा काळ आठवू लागलो म्हणजे मला निश्चितपणे असे वाटते की, राज्यकारभार, व्यापार, करमणूक आणि आवडीची शहरे यांविषयी या मुलखातील माणसांना खरोखर काय वाटत होते, ते मी लिहून घेतलेल्या जबाबांतून नव्हे, तर कचेरीच्या ओसरीवर, टूरिंग टॉकीजच्या तंबूशी आणि गावोगावच्या चावड्यांत सहज निघालेल्या बोलण्यातून शिकलो. जबाब देणारा मनुष्य सावध असतो. खाली आपला अंगठा उमटणार आहे, हा कागद उद्या प्रांतांच्या किंवा कलेक्टरांच्या समोर जाणार आहे आणि त्यातील एखाद्या शब्दाने आपली जमीन जाऊ किंवा राहू शकते, ही जाणीव त्याच्या जिभेवर बसलेली असते. ओसरीवर बसलेल्या मनुष्याला मात्र आपल्या बोलण्यातून काही मिळवायचे नसते. त्याला केवळ वेळ काढायचा असतो, आणि म्हणूनच त्याच्या तोंडून जे निघते ते बहुधा त्याच्या आयुष्याच्या जमाखर्चातून आलेले असते.

आमच्या कचेरीला दगडी ओसरी होती आणि समोरच्या उंबराखाली अर्जनवीस व मुद्रांक विक्रेता आपापली मेजे मांडून बसत. फेरफाराची नोंद, वारसाची नोंद, तगाईचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, सातबाराचा उतारा अशा कामांसाठी आलेली माणसे सकाळच्या एस. टी. ने उतरत आणि परतीची गाडी संध्याकाळी असल्यामुळे, काम अर्ध्या तासात आटोपले तरी, दिवसभर तेथेच थांबत. दुपारच्या गाडीने वर्तमानपत्र आले की अर्जनवीस ते मोठ्याने वाचीत असे, आणि मथळा संपण्याच्या आत चर्चेला तोंड फुटे.

मी नोकरीत नवा होतो तेव्हाची गोष्ट. १९६२ च्या नोव्हेंबरात, चीनच्या आक्रमणाच्या त्या कठीण दिवसांत, कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून देशाचे संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि आपल्या जिल्ह्याचा मनुष्य देशाच्या हाकेला धावला या अभिमानाने सारी ओसरी भरून गेली. त्या कौतुकाच्या भरात कोपऱ्यात बसलेला एक वयस्क शेतकरी हळूच म्हणाला, "सायेब गेलं ते देशाच्या कामाला गेलं, बरंच झालं. पर आता आमचं गाऱ्हाणं आमच्या बोलीत ऐकणारं वर कोण ऱ्हायलं?" त्याच्या या प्रश्नाला त्या दिवशी कोणी उत्तर दिले नाही. आपल्यातील कर्तृत्ववान माणसे मोठ्या कामासाठी वर गेली म्हणजे खालच्या माणसाचे आणि सत्तेचे अंतर कमी होते की वाढते, हा राज्यशास्त्रातील थोर प्रश्न आहे, आणि तो मी प्रथम ऐकला तो एका अशा माणसाकडून की ज्याला मुंबईचे सचिवालयदेखील कधी पाहावयास मिळाले नव्हते.

कूळकायद्याखालची प्रकरणे तेव्हा जोरात चालू होती. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून कायद्याने कसणाऱ्या कुळाला मालक मानले होते आणि कलम ३२ ग खाली जमिनीची किंमत ठरविण्याच्या तारखा लागत. त्यामुळे जमीन गेलेला आणि जमीन मिळालेला असे दोघेही एकाच बाकावर बसून पुकाऱ्याची वाट पाहात. वर्तमानपत्रांतून या कायद्यावर जे काही लिहून येई त्यात एक तर क्रांतीचा जयजयकार असे, नाही तर अन्यायाचा आक्रोश. बाकावरचे बोलणे याहून पुष्कळ सखोल असे. मला आठवते, एका विधवा बाईंनी (त्यांच्या पतीच्या पश्चात त्या वाट्याच्या धान्यावरच जगत होत्या) आपल्याच कुळाला सांगितले होते की, "जमीन तुझी झाली याचं मला दुःख नाही, तू ती कसलीस, दुःख एवढंच, की सरकारनं तुला खातं दिलं आणि मला नुसती तारीख." त्या कुळाने मान खाली घातली, आणि पुढे पुष्कळ वर्षे, किमतीचे हप्ते फिटल्यानंतरही, सुगीच्या दिवसांत तो त्यांच्या दारी एक पोते भात टाकीत असे. कायदा न्याय्य होता असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. पण न्याय्य कायद्यानेही एखादे घर उघडे पडते, हे मला त्या बाईंनी दाखविले.

परंतु सहज बोलण्याची खरी किंमत मला कळली ती भूकंपानंतर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास कोयना धरणाजवळचे कोयनानगर हादरले, घरे पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली आणि सुमारे पावणेदोनशे माणसे मृत्यू पावली. आम्हा कारकुनांच्या तुकड्या करून, सर्कल इन्स्पेक्टर व तलाठी यांच्यासमवेत, पडझडीचे पंचनामे करण्यासाठी गावोगाव पाठविण्यात आले. पंचनाम्याच्या नमुन्यात रकाने होते: घर किती खणांचे, भिंती दगडी की मातीच्या, पडझड पूर्ण की अंशतः, जनावरे दगावली असल्यास किती. एका वाडीत मी फीत घेऊन एका घराची पडलेली भिंत मोजीत होतो आणि फितीचे दुसरे टोक घरमालकानेच धरले होते, कारण धरायला दुसरे कोणी उरले नव्हते. जो तो आपापल्या ढिगाऱ्यात काही सापडते का ते पाहात होता. हा मनुष्य विहिरी खणण्याचे काम करीत असे. माप लिहून झाल्यावर, फीत गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "पानी लई जड असतंय, भाऊसाहेब. हिरीला पानी लागलं की बाजूची भुई कशी दबती ती म्यां पायलीया. एवढं पानी एका जागी कोंडून धरलं, तर खालची भुई कुरकुरणारच." मग थोडा वेळ थांबून त्यानेच पुढे सांगितले, "धरण बांधलं ते चांगलंच केलं. पर ज्यांची भुई, त्यांस्नी आधी सांगाया पायजे हुतं."

नमुन्यात या बोलण्यासाठी रकाना नव्हता, आणि तो असणे शक्यही नव्हते. धरणात पाणी साठू लागल्यापासून त्या भागात लहान लहान धक्के बसत होते आणि जमिनीखालून गुरगुर ऐकू येत होती, हे खोऱ्यातील प्रत्येकाला ठाऊक होते. या धक्क्यांचा जलाशयाशी संबंध आहे की नाही यावर तज्ज्ञांत पुढे कित्येक वर्षे वाद चालला, आणि आज जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांचे ठळक उदाहरण म्हणून साऱ्या जगाच्या शास्त्रग्रंथांत कोयनेचे नाव घेतले जाते. त्या विहीर खणणाऱ्याला शास्त्र येत होते असे मी म्हणत नाही. तज्ज्ञांनी मोजमापे घेतली, पुरावे तपासले, तेव्हा कोठे ते ज्ञान झाले, आणि ते तसेच व्हावयास हवे. पण ज्याचे हात आयुष्यभर भुईत गेले, त्याचे भुईविषयीचे मत ऐकून ठेवण्याची काही सोय आमच्या कारभारात असती तर बरे झाले असते, असे मला मनापासून वाटते. त्याच दिवसांत, कोयनेची वीज बंद पडून मुंबईचे कारखाने थंडावले तेव्हा, एक शाळामास्तर ओसरीवर म्हणाले होते की, मुंबईत अंधार झाला म्हणून आमचे खोरे नकाशावर कोठे आहे हे लोकांना कळले. त्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, वस्तुस्थिती होती.

व्यापारउदिमाची चर्चा आमच्याकडे मुंबईवाचून होत नसे, कारण पाटण, जावळी या बाजूच्या डोंगरी गावांतून कर्ता मनुष्य मुंबईला जाऊन मशीद बंदर, दाणाबंदर या भागांत पाठीवर गोणी वाहात असे आणि त्याच्या मनिऑर्डरीवर घरची चूल पेटत असे. या कष्टकऱ्यांची संघटना पाटण तालुक्यातलेच अण्णासाहेब पाटील यांनी बांधली आणि १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला, तेव्हा मजुरी मुकादमाच्या मर्जीवर न राहता मंडळामार्फत मिळू लागली व भविष्यनिर्वाह निधीसारखी गोष्ट हमालाच्या वाट्याला आली. वारसाच्या नोंदीसाठी आलेल्या एका म्हाताऱ्या माथाड्याला ओसरीवरच्या कोणी सहज विचारले की, एवढी वर्षे बाजारात काढलीस, तर बुडणारा शेठ आधी ओळखता येतो काय? तो म्हणाला, "येतो की. बाजार पडला म्हंजे जो पयल्यांदा हमालाची मजुरी अडवतो, त्यो बुडाला म्हणायचं. मजुरी ही समद्यांत लहान रक्कम. लहान रक्कम ज्याच्याच्यानं दिली जात न्हाई, त्याची मोठी देणी आधीच तटल्याली असत्यात."

हे वाक्य मी पुढे अनेकदा पडताळून पाहिले. निरनिराळ्या सरकारी येण्यांची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे करण्याचे हुकूम आमच्याकडे येत आणि जप्तीसाठी दुकानांत व गिरण्यांत जाण्याचे काम माझ्याकडे असे. तेथे वह्या उघडल्या की दिसून येई की, दिवाणजीचा पगार आणि हमालांची मजुरी थकण्यास ज्या महिन्यात प्रारंभ झाला, त्या महिन्यापासूनच त्या पेढीची उतरती कळा लागली होती. उत्तम व्यवसाय कोणता, शेअरबाजार चढेल की उतरेल, अशा विषयांवर शहाण्यासुरत्या माणसांची व्याख्याने मी ऐकली आहेत. धंद्याची नाडी कोठे पाहावी हे मात्र मला त्या पाठीला घट्टे पडलेल्या माणसाने सांगितले.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. महिने लोटू लागले, तशी लालबाग-परळमधली बिऱ्हाडे गावाकडे परतू लागली आणि आमच्या कचेरीत वाटपाचे अर्ज वाढले. एके दिवशी दोन सख्खे भाऊ माझ्या मेजासमोर उभे होते. थोरला गिरणीत साचेवाला आणि धाकटा घरी शेती करणारा. अर्जावर सह्या होईपर्यंत दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. मग ओसरीवर चहा घेताना थोरला म्हणाला की, पगार वाढवून मागितला यात आमचे काहीच चुकले नाही, कारण त्या पगारात मुंबईत माणूस जगत नव्हता. धाकटा म्हणाला, "तुझं चुकलं असं म्यां कवा म्हनलं? तुमचा संप तुमी केला, पर त्यो चालवला आमच्या कणगीनं." आणि ते अक्षरशः खरे होते, या बाजूच्या कितीतरी गावांनी संपकऱ्यांसाठी ज्वारी-तांदूळ धाडला होता. मालक, सरकार आणि कामगारपुढारी असा तिघांचा हिशेब पुस्तकांतून मांडला जातो. ज्या कणग्या रिकाम्या झाल्या त्यांचा हिशेब कोणत्याही कागदावर नाही. त्या वर्षी नोंदविलेल्या वाटपांच्या फेरफारांत तो शोधला तर सापडेल.

करमणुकीचा विषय नोकरीत कसा आला, असे वाचकास वाटेल. सिनेमावरील करमणूक कर, मुंबई इलाख्याच्या १९२३ च्या कायद्यान्वये, महसूल खात्यामार्फतच वसूल होत असे आणि काही वर्षे ते टेबल माझ्याकडे होते. जत्रांच्या हंगामात टूरिंग टॉकीजचे तंबू पडत. मी मध्यंतराच्या आधी जाऊन तिकिटांची स्थळप्रत आणि आत बसलेली माणसे ताडून पाही, आणि मध्यंतरात कंदिलाच्या उजेडात भजी खात उभ्या असलेल्या लोकांचे अभिप्राय आपोआप कानी पडत. 'पिंजरा' हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट १९७२ साली आला. श्रीराम लागूंनी उभा केलेला तो आदर्श गुरुजी तमासगिरिणीच्या पायी धुळीस मिळतो हे पाहून प्रेक्षक हळहळत बाहेर पडत असता, पालच्या खंडोबाच्या यात्रेत ढोलकी वाजविणारा एक कलावंत मला म्हणाला, "मास्तर आमच्या पायी वाया गेला हे दावलं, चांगलं दावलं. पर आमच्या फडातली बाई कुणापायी वाया गेली, ते दावनारा शिनेमा कवा निघायचा?" चित्रपटाचे मोठेपण यामुळे कमी होत नाही, त्यातील अभिनय आणि राम कदमांचे संगीत मी आजही उच्च प्रतीचेच मानतो. पण समीक्षकाने ज्या प्रश्नापासून प्रारंभ करावयास हवा तो प्रश्न त्या ढोलकीवाल्याने विचारला होता, यात मला शंका नाही.

'सामना' आला तेव्हाची गोष्ट याहून निराळी. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटलाच्या भूमिकेत निळू फुले पडद्यावर आले की तंबूत एक प्रकारची शांतता पसरे, कारण ऊसपट्ट्यातील त्या प्रेक्षकांना तो मनुष्य ओळखीचा होता. त्याचा अधिकार, त्याचे उपकार आणि त्याची दहशत ही तिन्ही एकाच हाताने येतात, हे त्यांना ठाऊक होते. बाहेर पडताना एक ऊस-उत्पादक म्हणाला की, असा मनुष्य वाईटच, परंतु त्याच्या आधी आमच्या गावाला रस्ता नव्हता. दुसरा तत्काळ म्हणाला, रस्ता झाला म्हणून सिनेमातल्या त्या मास्तराने प्रश्न विचारायचा नाही काय? सहकार आणि सत्ता यांच्या संबंधावर अनेक परिसंवाद झाले असतील. त्या दोन वाक्यांच्या पलीकडे फार काही सांगितले गेले असेल असे मला वाटत नाही.

शहरांविषयी मात्र प्रत्येकाचे मत ठाम असे आणि ते त्या शहराने आपल्याला काय दिले यावरून ठरे. पहिलवान मंडळींना कोल्हापूर प्रिय, कारण तेथे शाहू महाराजांनी बांधविलेले खासबाग मैदान, तालमी आणि डोळ्यांसमोर पिळलेले दूध. वडीलधाऱ्यांना सातारा हे कोर्टकचेरीचे गाव वाटे आणि तेथून परत आल्यावाचून चैन पडत नसे. पुण्याचे कौतुक स्त्रियांकडून ऐकावे. लेक पुण्यास दिलेल्या बायका तेथील विद्येविषयी, नाटकांविषयी क्वचित बोलत. घरात नळ आहे हेच पुन्हा पुन्हा सांगत, आणि ज्यांनी डोंगर उतरून हंडे वाहिले आहेत त्यांच्या दृष्टीने शहराची याहून मोठी थोरवी कोणती असणार? मुंबईविषयी सर्वांत अधिक प्रेमाने कोण बोलत असेल तर ज्यांनी तेथे सर्वांत अधिक हालअपेष्टा सोसल्या ते. एकाच खोलीत गावचा गाळा, दिवसपाळीचे उठले की त्यांच्या वळकटीवर रातपाळीचे निजणार, खाणावळीचे जेवण, आणि तरीही तो म्हातारा माथाडी सांगे की, मुंबईने कोणाला उपाशी परत धाडले नाही आणि कोणाला जात विचारून काम दिले नाही. यातील दुसरे विधान सर्वांशाने खरे नव्हते. ज्यांना ती विचारली गेली अशी माणसेही त्याच ओसरीवर बसत आणि त्यांचे मत निराळे असे. पण गावात जे भोगले त्याच्या मानाने तिथे मोकळा श्वास घेता आला, एवढे तेही मान्य करीत.

मला स्वतःला विचाराल तर मी कऱ्हाडचे नाव घेईन. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात असा तो प्रीतिसंगम, तेथील यशवंतरावांची समाधी, जवळच ओगल्यांच्या काचकारखान्याने नावारूपास आणलेली ओगलेवाडी आणि गुळाच्या हंगामात दरवळणारी बाजारपेठ, एवढ्या गोष्टी ज्या गावाच्या आसपास आहेत तेथे राजकारण, व्यापार आणि इतिहास यांच्या गप्पांना कधी तोटा पडत नाही, आणि मला तरी गावाची परीक्षा त्याच्या गप्पांवरून करावीशी वाटते.

आता सातबाराचा उतारा डिजिटल सहीसह घरबसल्या मिळतो, फेरफार संगणकावर चढतात, आणि लोकांचे हेलपाटे वाचले ही अत्यंत आनंदाची गोष्ट आहे. एका उताऱ्यासाठी दिवसाची मजुरी बुडविणाऱ्या माणसांची तोंडे ज्याने पाहिली आहेत त्याला जुन्या व्यवस्थेची हळहळ वाटण्याचे कारण नाही. पण माणसे कचेरीत येईनाशी झाली, तर कचेरीने माणसांकडे गेले पाहिजे. आमच्या काळी फिरतीवर गेलेल्या अधिकाऱ्याने गावी मुक्काम करावा असा दंडक होता. जमाबंदीची तपासणी दिवसा होई आणि रात्री चावडीत, दप्तर बांधून ठेवल्यानंतर, गाव बोलू लागे. आज जीप सकाळी जाते आणि दिवेलागणीच्या आत परत येते. माझ्या तरुण नायब तहसीलदार आणि तहसीलदार बंधुभगिनींना माझी एवढीच कळकळीची विनंती आहे की, महिन्यातून निदान एक रात्र तालुक्यातल्या शेवटच्या गावी मुक्काम करावा, त्या रात्री कोणाचाही अर्ज स्वीकारू नये, काही लिहून घेऊ नये, आणि लोक ज्या विषयावर बोलतील त्या विषयावर त्यांना बोलू द्यावे.